म्हैस कुणाच्या मागं पळत होती

मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की मी ढोरांची डॉक्टर होणार. त्यांनी तसं पेठेत सांगूनही टाकलं. त्यामुळं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच आमच्या दारात माणसं येऊन उभी राहायची. कुणाची शेळी फुगलेली असायची, कुणाच्या गाईची वार पडलेली नसायची. मला तोवर झुरळाच्या तोंडाचे भाग सुटे करून काचपट्टीवर मांडता येत होते, एवढीच माझी विद्या. मी तसं सांगितलं की समोरचा माणूस आबांकडं बघायचा आणि आबा म्हणायचे, "अजून शिकालीय ती. जरा दम धर."

पुढं मी एम.एस्सी.ला गेले तरी लोक दम धरूनच होते.

आमचं घर कोल्हापुरातलंच, पण गावाच्या कडेचं. पेठ संपून माळ सुरू व्हायचा तिथं. दारात गोठा, गोठ्यात चार-पाच म्हशी. सकाळ-संध्याकाळ लोक घरी येऊन डोळ्यांदेखत काढलेलं दूध न्यायचे. धारा आई काढायची, वैरणीचं आबा बघायचे आणि थोरला भाऊ नोकरीवरून आला की मोटारसायकल पुसत बसायचा. म्हशीतलं कळत नाही असं घरात एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच माणूस विद्यापीठात जाऊन प्राणी कसे वागतात आणि का वागतात ते शिकत होतं. गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

विद्यापीठात एक प्रात्यक्षिक होतं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बेडकाचा मेंदू काढून टाकलेला असायचा. मग त्याला स्टँडला टांगायचं आणि सौम्य आम्लात भिजवलेला कागदाचा बारीक तुकडा त्याच्या कुशीला चिकटवायचा. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही. मग मागचा पाय सावकाश वर यायचा, बरोबर त्या तुकड्यापाशी जायचा आणि तुकडा झटकून टाकायचा. तुकडा दुसऱ्या कुशीला लावला तर दुसरा पाय यायचा. आमचे सर म्हणाले, हे सगळं मज्जारज्जूचं काम. यात बेडकाला काही वाटत नाही, कारण वाटून घ्यायला तिथं आता कुणी उरलेलंच नाही. मी वहीत तसंच उतरवून घेतलं. पण तो पाय इतका शहाण्यासारखा वर येत होता की मला त्या बेडकाची माफी मागावीशी वाटली. ते वहीत लिहिलं नाही. कुठल्या मथळ्याखाली लिहिणार?

घरी आल्यावर जेवताना मी ते सांगितलं. आबा भाकरी मोडता मोडता थांबले.

"डोस्कं न्हाय आणि पुसतंय?"

"हां."

"मग त्याला कळतंय की."

"आबा, कळायला मेंदू लागतो."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"आणि सरांना कुणी सांगितलं? बेडकानं तर न्हाय न्हवं?"

भावाला हसताना ठसका लागला. मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि आबांशी वाद घालताना तर तो तिथून हलायचाच नाही.

आता पाडव्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. आधी म्हैस भादरून घ्यायची, तेल लावून काळी कुळकुळीत करायची, शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसांचे तुरे बांधायचे, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मग मालक मोटारसायकलवर बसतो. मोटारसायकलची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेली असते, त्यामुळं ती कानठळ्या बसतील अशी फुटत असते. मालक हाळी देतो आणि गाडी सोडतो, आणि म्हैस त्या गाडीमागं धावत सुटते. दाव्याशिवाय, मारल्याशिवाय, दोन्ही बाजूंना गर्दी, शिट्ट्या, हलगी, तरी ती इकडं-तिकडं न बघता मालकाच्या मागं. ज्याची म्हैस चांगली पळते तो माणूस पुढं आठ दिवस रस्त्यानं चालताना वेगळाच चालतो.

आबांची म्हैस चांगली पळायची. तिचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तर आमच्या पेठेतली माणसं अजून ओळखतील. लहान रेडी होती तेव्हापासून आबांनी तिला हातानं पेंड चारून वाढवली होती. त्यांची हाळीही त्यांचीच होती, पोटातून निघून शेवटाला वर जाणारी: "ह्याऽऽ होऽऽ!" ती ऐकली की म्हैस कान टवकारायची. लोक आबांना विचारायचे, काय घालता हो तिला? आबा म्हणायचे, "घालायला काय लागतंय? वळख हाय. मी म्हनलं तर ती हिरीत बी उडी मारंल." बाकी कशाचा तोरा नसलेल्या माणसाला एवढ्या एका गोष्टीचा तोरा होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक छोटा प्रकल्प होता. जवळपासच्या एखाद्या प्राण्याचं एक स्वाभाविक वागणं घ्यायचं आणि ते कुठल्या खुणेमुळं घडतं ते शोधून काढायचं. सरांनी फळ्यावर एका पक्षिणीचं उदाहरण काढून दाखवलं होतं. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं ती चोचीनं ओढून आत आणते. पण मध्येच कुणी ते अंडं उचलून घेतलं तरी तिची मान नसलेलं अंडं ओढतच राहते. म्हणजे अंडं दिसलं की मज्जासंस्थेत एक कळ दाबली जाते आणि पुढचं सगळं आपोआप. वर्गातल्या कुणी मुंग्या घेतल्या, कुणी चिमण्या. मी आमची म्हैस घेतली.

प्रश्न सोपा होता. म्हैस पळते ती कशामागं? माणसामागं, हाळीमागं की गाडीच्या आवाजामागं? आम्हाला शिकवलं होतं तसं या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या करायच्या. आधी आबा गाडीवर बसून हाळी देणार, नेहमीसारखं. मग भाऊ तीच गाडी घेऊन, तोंडातून शब्द न काढता जाणार आणि आबा बांधावर बसून राहणार. शेवटी आबा साध्या सायकलवरून हाळी देत जाणार, गाडी बंद. मला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर प्रयोग करणाऱ्यानं अमुकच उत्तर यावं असा हट्ट धरायचा नसतो. मी धरला होता. एकदा ताटावर बसून चिडून म्हटलंही, "ती दादाच्या मागं पळाली तरच माझा प्रकल्प उभा राहतोय. न्हाईतर सगळं पाण्यात." आमच्याकडं मुलीही मी जातो, मी करतो असंच बोलतात, तसं मी पुढं म्हटलं, "मग मी काय तोंड दाखवतो सरांना?"

आबांनी मान वर करून बघितलं आणि परत जेवायला लागले.

दिवाळीच्या थोडं आधी, ठरल्या दिवशी सकाळी सर आणि वर्गातल्या दोन मुली माळावर आल्या. आबा धुतलेला सदरा घालून आले होते. सरांना बघून म्हणाले, "या पावणं. हे झालं की घरी दूध घ्यायला यायचं, काय? न्हाय म्हनायचं न्हाय." सर शहरातले, संकोचून हसले.

पहिल्यांदा आबा गाडीवर बसले, हाळी दिली आणि म्हैस सुटली. माळाच्या त्या टोकापर्यंत ती त्यांच्या चाकाला लागून गेली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा आबा बांधावर येऊन बसले आणि भाऊ गाडीवर. भावानं तोंड गच्च मिटलेलं. गाडी फुटली, हलली, आणि म्हैस निघाली. अगदी तशीच. बांधावर बसलेल्या आबांच्या पुढून गेली, मान वळवली नाही. तिसऱ्यांदा आबांनी सायकल घेतली. थोडं पुढं जाऊन हाळी दिली. म्हैस रवंथ करत उभी. आबांनी परत हाळी दिली. तिनं शेपटीनं माशी उडवली. तिसरी हाळी देताना त्यांचा आवाज मध्येच फाटला. सर वहीत लिहीत होते.

मला काय आनंद झाला सांगू! सगळं पुस्तकात छापल्यासारखं आलं होतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "बघितलंसा आबा? ती तुमच्या मागं कधी येतच नव्हती. ती त्या आवाजामागं येती. गाडीवर दगड ठेवला तरी येईल."

आबा सायकलवरून उतरले. सायकल त्यांनी बांधाला लावली, ती घसरली, परत लावली. मग म्हणाले, "आसंल बा. शिकल्याली मानसं तुमी." आणि सरांकडं वळून म्हणाले, "चला पावणं, दूध घ्याला."

त्यांचा चेहरा मला दिसला होता. दिसलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीला चेहऱ्यापेक्षा निष्कर्ष मोठा वाटतो. प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

त्या वर्षी पाडव्याला आबा गाडीवर बसले नाहीत. म्हैस त्यांनीच भादरली, तुरे त्यांनीच बांधले, आणि किल्ली भावाच्या हातात दिली. लोकांनी विचारलं तर म्हणाले, "गुडघं धरल्यात." भावाच्या मागं ती झकास पळाली. आबा गर्दीत, कडेला, एका टपरीच्या फळीला टेकून उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यानंतर ते कधीच गाडीवर बसले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. आणि घरात कुणी त्याबद्दल बोललंही नाही.

एक गोष्ट मला त्या दिवसांत दिसायची आणि मी तिच्याकडं काणाडोळा करायची. संध्याकाळी आबा बाहेरून चालत यायचे. ते कोपऱ्यावर वळायच्या आधीच गोठ्यातली ही म्हैस मान उचलून दाराकडं तोंड करायची. तिथं गाडी नव्हती, हाळी नव्हती. भाऊ आला तर असं करायची नाही. पण तो प्रकल्पाचा विषय नव्हता आणि प्रकल्प तर केव्हाच जमा झाला होता. मला वाईट वाटायचं, मग स्वतःचाच राग यायचा, मग मी म्हणायची, पावलांचा आवाज, दुसरं काय! आवाज म्हटलं की सुटका. पण आवाज कुणाचा, हे ती ओळखत असेल तर मग मी माळावर आबांना सांगितलं ते काय होतं?

पुढं मी मुरगूडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. एस.टी.नं जाऊन-येऊन. मुलांना मज्जासंस्था शिकवायची, बेडकाची आकृती फळ्यावर काढायची. एक गोष्ट मी मुलांच्या डोक्यात हातोडीनं ठोकल्यासारखी बसवायची: कुठलाही प्रश्न एकाच बाजूनं विचारायचा नाही. उलट बाजूनंही विचारायचा, मगच उत्तरावर विश्वास ठेवायचा. म्हैस दरम्यान म्हातारी होऊन गेली. आबांनी तिला शेवटपर्यंत सांभाळली. ती गेल्यावर त्यांनी पुन्हा कुठली रेडी पळायला शिकवली नाही.

नंतर दोन वर्षांनी, एका उन्हाळ्यात, आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून मेंदूच्या डाव्या बाजूचा डाग दाखवला. तो डाग आमच्या पुस्तकातल्या आकृतीत जिथं असतो तिथंच होता, आणि मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आबांजवळ एकच शब्द उरला: व्हय. चहा घेणार? व्हय. नको का? व्हय. ऊन लागतंय? व्हय. सावलीत बरं आहे ना? व्हय. आई म्हणायची, "जलमभर माझ्या परतेक गोष्टीला न्हाय म्हनत आला, आता बरा वाटंवर आलाय." आणि पदरानं डोळे पुसायची. तिला त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं. मला कळायचं नाही. मी माझ्या धंद्याच्या सवयीनं प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला लागले. दोन्ही बाजूंनी व्हय आलं की ते उत्तर खोडायचं. अशी मी सगळीच उत्तरं खोडली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं कळत असावं, पण नेमकं किती ते सांगता येणार नाही.

आणि मग एका सकाळी गल्लीतून पुंगळी काढलेली गाडी फुटत गेली आणि खाटेवरून आवाज आला: "ह्याऽऽ होऽऽ!" स्वच्छ. शेवटाला वर गेलेला. आई गोठ्यातून ओल्या हातांनी पळत आली. मी हातातलं पातेलं टाकून आले. "आबा! काय म्हणालासा?" आबा म्हणाले, "व्हय."

मी डॉक्टरांना विचारलं, ज्याला माझं नाव घेता येत नाही त्याला हाळी कशी देता येते? ते म्हणाले, विचार करून बोललेलं एका जागेतून येतं. शिवी, आकडे म्हणणं, जन्मभराची हाळी हे वेगळ्या वाटेनं येतं. आवाज कानावर पडला की ते आपोआप निघतं. मी म्हटलं, "म्हणजे त्यांनी हाळी दिली नाही?" ते म्हणाले, "हाळी आली, असं म्हणूया." मी घरी येईपर्यंत त्या एका वाक्याशी भांडत होते. वीस वर्षांची असताना मी हे मान डोलावून लिहून घेतलं असतं.

त्याच वर्षीची एक दुपार. आई आबांच्या उजव्या हाताला तेल चोळत होती आणि मी तणतणत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं अंधारात आणि उजेडात हरभरे रुजवायचा प्रयोग केला होता. तिच्या आईनं लेकीचे गुण जाऊ नयेत म्हणून अंधारातले हरभरे गुपचूप बदलून ठेवले होते. मी म्हटलं, "असल्या आईबापांना काय म्हणायचं? प्रयोग म्हणजे काय परीक्षा हाय का पास व्हायला?"

आई हसली. "मग तुझ्या आबानं काय केलंतं?"

"काय केलंतं?"

"तुझा तो म्हशीचा पेपर न्हवता का? आठ दिस रोज सकाळी म्हशीला माळावर न्हेत हुतं हे. तुझ्या भावाला गाडीवर बसवायचं आणि आपण पेंडीचं घमेलं घिऊन म्हशीसंगट पळायचं. पोरगीचा पेपर हाय, म्हस पळाली न्हाय तर नापास हुईल म्हनायचं. आणि त्या दिवशी सकाळी सायकलच्या मागं जाऊ नये म्हणून तिला सरकी इतकी चारलीती की हलायला बी तयार न्हवती."

मी आबांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

त्या दिवसांत मला संशय यायचं कारणच नव्हतं. दिवाळीच्या आधी सगळेच सकाळी म्हशी घेऊन माळावर जायचे. म्हणजे प्रकल्प खोटा. म्हणजे म्हैस कदाचित आबांच्याच मागं येत होती, आणि माझ्यासाठी त्यांनी तिला स्वतःपासून तोडून भावाच्या मागं लावली. आणि मग मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की ती तुमची कधी नव्हतीच! मला इतकी लाज वाटली की मी आईच्या पाठीला डोकं टेकून रडले. आई म्हणाली, "आगं, रडालीस कशाला? पास झालीस न्हवं?"

पण मग एक गोष्ट कळेना. हे सगळं स्वतः घडवून आणलेलं असताना आबांचा चेहरा माळावर तसा का झाला? पाडव्याला ते गाडीवर का बसले नाहीत? संध्याकाळी भाऊ आल्यावर मी त्याला विचारलं.

भाऊ म्हणाला, "शिकवायला कशाला लागतंय? पयल्याच दिशी माझ्या मागं पळाली की ती. पेंड बिंड काय लागली न्हाय."

"मग तू आबांना सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? ते मागनं बघतच हुतं."

"मग आठ दिवस कशाला न्हेली?"

भावानं खांदे उडवले. "मला काय म्हाईत. रोज म्हनायचं, उद्या परत."

त्या उत्तरानं मी पार गोंधळले. पहिल्याच दिवशी पळाली, तर काम झालं होतं. मग पुढचे सात दिवस आबा त्या माळावर घमेलं घेऊन कशासाठी धावत होते? पोरीचा पेपर पक्का व्हावा म्हणून? की एखाद्या दिवशी तरी ती थांबेल, मागं वळून बघेल म्हणून? आई म्हणते आठ दिवस लागले, भाऊ म्हणतो एकही लागला नाही. तिनं ती सरकी खाल्ली नसती तर सायकलमागं गेली असती का? म्हैस तर गेली. ज्यांना माहीत होतं ते समोर खाटेवर होते. आणि त्यांच्याजवळ एक शब्द होता.

धीर करायला मला बरेच दिवस लागले. एका रविवारी आई दूध घालायला शेजारी गेली होती. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले. त्यांचा डावा हात हातात घेतला.

"आबा, त्या म्हशीला तुम्ही दादाच्या मागं पळायला शिकवलंसा?"

"व्हय."

"का ती आपणहून पळाली?"

"व्हय."

"तुम्ही माझ्या पेपरसाठी केलंसा ते सगळं?"

"व्हय."

"का ती थांबते का ते बघालतासा?"

"व्हय."

"माझा राग आला हुता तुम्हाला?"

"व्हय."

"न्हवता आला?"

"व्हय."

ते माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण झटक्यानंतर त्या डोळ्यांतून पाणी कायमच यायचं. त्याचंही काही धरता येत नव्हतं. मला त्यांच्यावर राग आला. डॉक्टरांवर, भावावर, त्या पुस्तकांवरही आला. मग तोही गेला आणि नुसते मी आणि आबा उरलो. बाहेर कुणीतरी दुधाचं भांडं वाजवत आईला हाक मारत होतं. मी ओ दिली नाही.

मी खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "आबा, ती तुमच्याच मागं यायची. व्हय न्हवं?"

"व्हय," आबा म्हणाले.

याची उलट बाजू मी विचारली नाही.